आवडत्या चित्रपटाचे गुपित : जपावे की सांगून टाकावे?

प्रश्न — ‘सातपुड्याचा पायथा’

मी अचलपूर तालुक्यातील एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक आहे आणि पुढच्या वर्षी ५८ वर्षे पूर्ण करून निवृत्त होणार आहे. गेली ४५ वर्षे एका चित्रपटावर माझा जीव जडलेला आहे, आणि ही गोष्ट माझ्या पत्नीला, मुलाला, आताच्या सहकाऱ्यांना किंवा गावातील एकाही माणसाला ठाऊक नाही. तो चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९७२ सालचा ‘पिंजरा’. आपल्यापैकी अनेकांना यात लपवण्यासारखे काय आहे असे वाटेल, कारण त्याची गाणी आजही लग्नाच्या वरातीत वाजतात आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला होता. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

माझे वडील राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना मानणारे, श्रीगुरुदेव सेवा मंडळाचे निष्ठावंत प्रचारक होते. गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होत असे, घरात ग्रामगीतेचे वाचन होत असे, आणि तमाशा हा शब्द आमच्या ओसरीवर कुणी उच्चारीत नसे. जानेवारी १९८१ मध्ये मी ११ वर्षांचा असताना मामाने मला बैलबंडीतून बहिरमच्या जत्रेला नेले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की ही जत्रा चांदूर बाजार तालुक्यात, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी डिसेंबरच्या उत्तरार्धापासून महिनाभराहून अधिक काळ भरते, आणि मातीच्या हंडीत शिजवलेले मटण व गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे ही तिची ओळख आहे. त्या रात्री मामाने मला दोन्ही गोष्टींची दीक्षा दिली. आधी हंडीतले मटण खाऊ घातले, नंतर तंबूतल्या टॉकीजमध्ये ‘पिंजरा’ दाखवला आणि परतताना बजावले की घरी यातले काही बोलायचे नाही. मटणाची गोष्ट पुढे घरात कळली आणि हसण्यावारी गेली. चित्रपटाची गोष्ट मात्र मी आजवर पोटातच ठेवली आहे.

ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून मामाने पडद्याच्या मागची जागा घेतली होती. ती स्वस्तही असे. पातळ कापडी पडद्यातून चित्र मागेही उमटत असे, फक्त डाव्याचे उजवे होऊन. ‘पिंजरा’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उलटा वाचला. पुढे दूरदर्शनवर तोच चित्रपट सरळ बाजूने पाहिला, तेव्हा कुणीतरी आपल्या घरातील सगळे सामान विरुद्ध भिंतीला हलवून ठेवावे तसे मला झाले. अजूनही होते.

त्या रात्री मला गाण्यांनी ओढून घेतले नाही, हे कुणाला खरे वाटणार नाही. मला ओढले ते डॉ. श्रीराम लागू यांच्या चेहऱ्याने. तमाशाच्या फडाला गावातून हाकलून लावणारा आदर्श गुरुजी, नदीपलीकडे तळ ठोकून त्याला नादी लावण्याचा पण करणारी चंद्रकला, एका छिन्नविच्छिन्न प्रेतामुळे गुरुजींचाच खून झाला अशी झालेली गावाची समजूत, पुढे गावाने उभारलेला त्यांचा पुतळा आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभे राहून, गावाच्या मनातील गुरुजी जिवंत राहावा म्हणून गप्प राहणारा तो माणूस. ज्याच्या पाया पडायचे असा मोठा माणूस आतून कोसळताना मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या घरी तशाच धाटणीचा एक माणूस होता आणि तो कोसळू शकतो हा विचार मला भीतिदायकही वाटला आणि, आज कबूल करतो, सुखाचाही.

नंतर मी स्वतः शिक्षक झालो आणि गुपित आणखी घट्ट झाले. १९९६ मध्ये मी दुसऱ्या तालुक्यातील एका शाळेत होतो. मधल्या सुट्टीत चित्रपटांचा विषय निघाला आणि मी भाबडेपणाने ‘पिंजरा’चे नाव घेतले. एका सहकाऱ्याने लगेच टेबलावर ठेका धरून लावणी म्हणायला सुरुवात केली, दुसऱ्याने डोळा मारला, आणि पुढचे सहा महिने मी वर्गाकडे निघालो की मागून कुणीतरी हळूच ‘गं साजणी’ असे म्हणत असे. शिक्षकाला तमाशाचा चित्रपट आवडतो, एवढ्यावर त्यांची गोष्ट पूर्ण होत होती. ती गीते लिहिणारे जगदीश खेबुडकर स्वतः पेशाने शिक्षक होते, हे मला तेव्हा सुचले नाही. सुचले असते तरी त्या टोळक्यापुढे उपयोग झाला नसता. बदली झाल्यावर मी पुन्हा हे नाव तोंडातून काढले नाही.

आता चित्रपट मोबाईलवर मिळतो. हिवाळ्यात आमच्या घरी कापूस भरण्याची एक खोली असते. भाव वाढेल या आशेवर वेचणीचा कापूस तिथे छातीइतका साठलेला असतो आणि त्या खोलीत आवाज असा मुरतो की दाराबाहेरच्या माणसालाही काही ऐकू येत नाही. ‘ढिगात हवा खेळते की नाही ते पाहतो’ असे सांगून मी तिथे जातो, तरीही खबरदारी म्हणून मोबाईलचे यंत्र कानात घालतो आणि पाठ टेकून अर्धा-पाऊण तास पाहतो. ज्यांनी साठवलेल्या कापसात पाठ टेकली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. अंगावर पुरळ उठते आणि रात्रभर खाज सुटते. पत्नीने मला तीन वेळा मलम आणून दिले आहे.

हे असेच चालले असते. परंतु गेल्या महिन्यात सातवीतील एका मुलीने २६ जानेवारीच्या हस्तलिखितासाठी माझी मुलाखत घेतली. ‘गुरुजी, तुमचा आवडता चित्रपट कोणता आणि का?’ असा तिचा नववा प्रश्न होता. मी क्षणभरही न थांबता ‘संत तुकाराम’ असे सांगितले. १९३६ सालचा प्रभातचा चित्रपट, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला, विष्णुपंत पागनीसांचा अभिनय, भक्तीचा संस्कार, अशी चार कारणेही ओळीने दिली. तो चित्रपट थोर आहे यात शंका नाही. पण माझे उत्तर मला गाईडमधून उतरवून काढल्यासारखे ऐकू आले, आणि ती मुलगी मान खाली घालून ते सुवाच्य अक्षरात लिहून घेत होती. मुलांनी खोटे लिहिले तर मी वही परत करतो.

माझा प्रश्न असा आहे. जी आवड लपवून ठेवल्यामुळेच १९९६ नंतर इतकी वर्षे कुणाच्या थट्टेने डागाळली नाही, ती आता निवृत्तीच्या तोंडावर सांगून टाकावी, की जशी आहे तशी राहू द्यावी? आणि न सांगणे व खोटे सांगणे यांत आपण फरक कुठे करता?

प्रतिसाद — ‘चुन्याची डबी’, मूर्तिजापूर तालुका

गुरुजी, नमस्कार. मी १९७८ ते १९९१ या काळात एका फिरत्या टॉकीजवर आधी पोऱ्या आणि नंतर ऑपरेटर म्हणून काम केले आहे, म्हणून आपल्या पडद्यामागच्या जागेविषयी मला बोलता येईल.

मागे बसणारे सगळेच गरीब नसत. निम्मे लोक पैसे वाचवायला येत आणि निम्मे तोंड लपवायला येत. समोरच्या बाजूला पुरुष आणि बायका यांच्यामध्ये कनात किंवा दोर असे आणि मशीन एकच असल्यामुळे रीळ बदलताना दिवे लावावे लागत. दिवे लागले की सगळा तंबू एकमेकांची तोंडे पाहून घेई. मागच्या बाजूला तेवढा उजेड पोहोचत नसे. आपल्या मामांनी जागा नीट विचार करून निवडली होती.

आमच्याकडे ‘पिंजरा’ लागला की एक गृहस्थ हमखास येत. ते कीर्तनकार होते, गाव सांगत नाही. डोक्यावरून उपरणे घेऊन ते मागेही बसत नसत, तर माझ्या मशीनच्या शेजारी उभे राहत. कार्बनच्या कांड्यांचा उजेड आणि घरघर यांमुळे तिथे कुणी थांबत नसे. शेवटचे रीळ चढवायला घेतले की ते निघून जात. तीन मुक्कामांवर मी त्यांना पाहिले आणि एकदाही ओळख दाखवली नाही. ऑपरेटरने प्रेक्षकाकडे पाहायचे नसते, असे मला उस्तादांनी शिकवले होते, आणि ते कार्बनच्या झगझगाटाविषयी बोलत होते की माणसांविषयी, हे मी कधी विचारले नाही.

आता माझे स्वतःचे सांगतो. फिल्म तुटली की दोन्ही टोकांकडची एक-दोन चित्रे कापून, टोक खरवडून, सोल्युशन लावून जोडावी लागते. सेकंदाला २४ चित्रे पळत असल्यामुळे एवढी काटछाट प्रेक्षकाला कळत नाही, परंतु गावोगाव तुटत-जोडत गेलेली प्रिंट दर वेळी थोडी आखूड होते. पहिल्या गावाने पाहिलेला ‘पिंजरा’ आणि शेवटच्या गावाने पाहिलेला ‘पिंजरा’ यांची लांबी एकसारखी नव्हती. कापलेले तुकडे फेकून द्यायचे असत. मी पाच चित्रांचा एक तुकडा फेकला नाही. तो आजही चुन्याच्या जुन्या डबीत आहे. त्या काळच्या रंगीत प्रिंटांचे निळे-हिरवे रंग आधी उडतात आणि तांबूस रंग मागे राहतो, त्यामुळे आता त्यातील गुरुजी, भिंत आणि आकाश सगळे एकाच गुलाबी रंगाचे झाले आहे. माझ्या नातवाने डबी उघडली होती आणि हे काय आहे म्हणून विचारले. मी म्हणालो, मशीनचा सुटा भाग आहे. म्हणजे आपल्या ‘संत तुकाराम’सारखेच झाले.

सांगावे की न सांगावे याविषयी मी सल्ला देणार नाही. पण उलट्या चित्राची एक गोष्ट सांगतो. मशीनमध्ये फिल्म उलट्या बाजूने चढवली तर चित्र उलटे दिसते खरे, परंतु आवाजाची पट्टी चुकीच्या कडेला जाते आणि आवाज मिळत नाही. म्हणजे समोर बसणाऱ्याला उलटा ‘पिंजरा’ आवाजासह आम्ही कधीच दाखवू शकलो नसतो. तो फक्त पडद्यामागच्या लोकांचा होता. आपल्याला तो पुन्हा तसाच पाहायचा असेल तर मोबाईल आरशासमोर ठेवावा आणि मोबाईलकडे न पाहता आरशात पाहावे.

प्रतिसाद — ‘धानाची बांधी’, वडसा

आदरणीय गुरुजी, आपले लेखन मनापासून आहे, म्हणून मीही मनापासून आणि थोडे कडक लिहिते. राग मानू नये.

मी १९ वर्षे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील आमच्या धानपट्ट्याच्या, नाटकांत काम करते. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की वडसा येथील कार्यालयांतून नाटकांच्या तारखा ठरतात, रात्री नऊ-दहा वाजता पडदा उघडतो आणि धानाच्या रिकाम्या बांधीत तट्ट्या व पोती अंथरून बसलेली माणसे पहाटेपर्यंत हलत नाहीत. त्यांत सासू असते, सून असते, शाळेचे गुरुजी असतात, सरपंच असतात. नाटकाच्या मध्ये लावणीही होते आणि ती सगळे एकत्र बसून पाहतात. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्याच गुरुजींना कुणी डोळा मारीत नाही. झाडीपट्टीतील नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावात फटाके फुटले. विदर्भ एकच असला तरी वऱ्हाडाची लाज झाडीला लागू नाही, एवढे आधी नोंदवते.

आता मुद्द्याचे. आपण लिहिलेल्या एवढ्या मोठ्या मजकुरात गुरुजींचा चेहरा आहे, पुतळा आहे, वडील आहेत, मामा आहेत, कापूस आहे. चंद्रकलेला मात्र अर्धेच वाक्य मिळाले आहे आणि तेही ‘नादी लावणारी’ असे. ती भूमिका करणाऱ्या संध्या यांचे तर नावही नाही. गाण्यांनी आपल्याला ओढले नाही असे आपण आवर्जून सांगता, पण त्यांतली बहुतेक गाणी उषा मंगेशकरांच्या आवाजात आणि राम कदमांच्या संगीतात आहेत, आणि ती काढून टाकली तर चित्रपटात उपदेश तेवढा उरेल. माझा संशय असा आहे की आपण ही आवड लोकांपासून लपवलीत ती लपवलीतच, पण तिच्यातील अर्धा भाग स्वतःपासूनही लपवलात. पडद्यामागे बसूनही आपल्याला तमाशा दिसलाच नाही, निव्वळ मास्तर दिसला.

मला स्वतःला ‘पिंजरा’ पूर्ण आवडत नाही. ज्या १९३० सालच्या ‘ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटावरून तो घेतला आहे, त्यातही गाणाऱ्या बाईपायी मास्तर रसातळाला जातो. तिथे तो विदूषक होतो, आपल्याच गावच्या लोकांसमोर कोंबड्यासारखा आरवतो आणि रात्री शाळेत जाऊन आपले जुने टेबल घट्ट धरून मरतो. त्याचा पुतळा वगैरे कुणी उभारीत नाही. पुतळा, गावाची श्रद्धा आणि ती टिकावी म्हणून स्वतःच्याच खुनाचा आरोप पत्करणे, ही सगळी मराठीतील भर आहे. मला ती भर फार बोलकी वाटते. आपल्याकडे माणूस बुडतो त्यापेक्षा गावाने त्याच्याविषयी काय समजून घेतले आहे याची काळजी मोठी असते. त्या गुरुजीने गावासाठी गप्प राहायचे ठरवले. आपण कुणासाठी गप्प आहात? आपला पुतळा अजून कुणी बसवलेला नाही.

महाराष्ट्र शासन विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते, आणि आपण त्याच कलेवरचा चित्रपट कापसाच्या ढिगात बसून पाहता. त्या मुलीला खरे उत्तर मिळायला हवे होते. तिला कदाचित प्रथमच कळले असते की लावणी आणि गुरुजी हे दोन शब्द एका वाक्यात कुजबुज न करता बसू शकतात.

प्रतिसाद — ‘आंबिया बहार’, वरुड

मला चित्रपटातले फारसे कळत नाही, परंतु घरातले कळते. दार लावून पाऊण तास एकटे बसणारा, कानात यंत्र घालणारा आणि अंग खाजवीत बाहेर येणारा नवरा पाहून बायकोच्या मनात ‘पिंजरा’ येत नाही, भलतेच काहीतरी येते. माझे यजमान दोन वर्षे दर गुरुवारी संत्र्याच्या बागेतील मोटारीच्या खोलीत जाऊन बसत असत आणि मी मनातल्या मनात किती नावे घेऊन पाहिली ते माझे मला माहीत. शेवटी निघाले काय, तर ते तिथे पेटी शिकत होते. सूर नीट लागेपर्यंत सांगायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. सूर अजून लागलेला नाही.

तेव्हा गुरुजी, गावाला सांगा किंवा सांगू नका, वहिनींना मात्र आजच सांगा. आणि त्या कापसात पाठ टेकून बसणे आधी बंद करा. मलमाने काही होत नाही.

प्रतिसाद — ‘कोरडवाहू’, दारव्हा

एवढा विचार करण्यासारखे यात काय आहे ते मला समजत नाही. आज कुणाला कुणाच्या आवडीचे पडलेले नाही. गुरुजींनी सांगितले तरी मुले ‘बरं’ म्हणतील आणि मोबाईलमध्ये मान घालतील. १९९६ मधील ते सहकारीही आता निवृत्त होऊन नातवंडे सांभाळत असतील. गुपिताला किंमत यायची तर ते जाणून घ्यायला कुणीतरी टपून बसलेले असावे लागते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर — ‘सातपुड्याचा पायथा’

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण मधल्या काळात काही घडावे अशी मी वाट पाहत होतो आणि थोडेफार घडलेही.

‘कोरडवाहू’ यांचे म्हणणे मला सर्वांत जास्त लागले. कुणी टपून बसलेले नाही हे खरेच आहे. मी ज्यांच्यापासून लपवीत होतो त्यांच्यापैकी वडिलांना जाऊन २२ वर्षे झाली आणि मामांना त्याहून अधिक. तरीही, दारव्ह्याचे भाऊ, टपून बसलेला माणूस आपल्या आतही असू शकतो, आणि त्याला निवृत्तीचे वय नसते.

‘धानाची बांधी’ ताईंच्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी मी माझाच मजकूर पुन्हा वाचला आणि मला शरमल्यासारखे झाले. त्यांनी मोजलेले अर्धे वाक्य बरोबर आहे. संध्या यांचे नाव मी टाळले नव्हते, मला ते लिहावे असे सुचलेच नव्हते, आणि हे टाळण्यापेक्षा वाईट आहे. त्यानंतर मी चित्रपट पुन्हा पाहिला आणि या वेळी गुरुजींचा चेहरा सोडून तिच्याकडे पाहण्याचे ठरवले. चार-पाच प्रसंगांनंतर नजर पुन्हा गुरुजींकडे गेली, ४५ वर्षांची सवय आहे. पण त्या चार-पाच प्रसंगांत मला असे दिसले की नदीपलीकडे राहुट्या ठोकताना तिला उद्याच्या भाकरीचाही हिशोब असणार, आणि गुरुजींना मात्र हिशोब होता तो केवळ अब्रूचा. हे मी कधीच पाहिले नव्हते. एका बाबतीत मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. झाडीपट्टीत सगळे गाव एकत्र बसून पाहते ही भाग्याची गोष्ट आहे, पण सगळ्यांसोबत पाहिलेल्या गोष्टीवर सगळ्यांचा हक्क असतो. मला त्या उलट्या पडद्यावर माझ्या एकट्याच्या हक्काची एक गोष्ट मिळाली होती, आणि घरातील प्रत्येक वस्तू प्रार्थनेसाठी, गावासाठी, समाजासाठी असलेल्या मुलाला तिचे मोल किती असते हे मी शब्दांत सांगू शकत नाही. तेवढे मी लाजेच्या खात्यात टाकू देणार नाही.

वरुडच्या ताईंचे मी त्याच रात्री ऐकले. पत्नीला सांगितले. तिने शांतपणे विचारले, ‘म्हणजे कापूस हलवायला जात नव्हते तुम्ही?’ मी नाही म्हणालो. ती म्हणाली, ‘मग मधला कापूस पिवळा पडला असेल.’ दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी जाऊन ढीग उकरला, आणि मधला कापूस खरोखरच पिवळा पडला होता. चित्रपटाविषयी तिने त्यानंतर एक शब्दही विचारला नाही. क्विंटलमागे किती कमी मिळाले ते मात्र तिने दोन-तीनदा ऐकवले आहे.

राहिली ती मुलगी. हस्तलिखित २६ जानेवारीला शिवून, पुठ्ठा चढवून तयार झाले होते आणि वाचनालयाच्या कपाटात गेले होते. मी तिला बोलावून सांगितले की तुझ्या नवव्या प्रश्नाचे उत्तर मी चुकीचे दिले होते. तिने ‘मग बरोबर काय आहे?’ असे विचारले. मी तोंड उघडले आणि माझ्याने नाव सांगवले नाही. मी एवढेच म्हणालो की बरोबर उत्तर मला माहीत आहे, पण ते आज सांगता येत नाही. तिला त्यात काही वावगे वाटले नाही. तिने कपाटातून हस्तलिखित काढले, पांढऱ्या कागदाची एक पट्टी कापली, ‘संत तुकाराम’ आणि त्याखालच्या चारही कारणांवर ती डिंकाने चिकटवली आणि पट्टीच्या खाली कंसात लिहिले : ‘गुरुजी नंतर सांगणार आहेत.’ ३१ मार्चपर्यंत हस्तलिखित कपाटातच असते, त्यानंतर ते पाचव्या वर्गाकडे वाचायला जाते. म्हणजे माझ्याकडे अजून काही आठवडे आहेत.

‘चुन्याची डबी’ यांच्यासाठी शेवटचे. कापूस मागच्या मंगळवारी विकला गेला आणि खोली रिकामी झाली. आता तिथे साधे खाकरले तरी घुमते. काल दुपारी पत्नी हळदीकुंकवाला गेली असताना मी दाढीचा आरसा भिंतीच्या कोनाड्यात उभा केला, त्यासमोर मोबाईल टेकवला, कानातील यंत्र काढून टाकले आणि आरशात पाहिले. आवाज चारी भिंतींवर आदळत होता. नावांची पाटी आली आणि तो शब्द उलटा उमटला. मामाच्या बंडीतील कडब्याचा वास आठवला. बाहेर गल्लीतून कुणीतरी जात होते आणि त्याची पावले दाराशी थांबली. मी उठून आवाज कमी केला नाही.